धावपट्टी नसलेला हवाई तळ: शायेनमधले चार दिवस

वायोमिंग राज्याची राजधानी शायेन. या गावाच्या पश्चिमेला क्रो क्रीक नावाच्या ओढ्याकाठी अमेरिकन लष्कराने १८६७ साली एक ठाणं वसवलं, फोर्ट डी. ए. रसेल. तेच ठाणं आज फ्रान्सिस ई. वॉरन हवाई तळ म्हणून ओळखलं जातं. अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यातल्या आणि आजवर एकदाही बंद न पडलेल्या ठाण्यांमध्ये हे सगळ्यांत जुनं. तरीही इथे लढाऊ विमान उतरेल अशी पक्की धावपट्टी नाही, आहेत ती हेलिकॉप्टरं. या जागेला आधी रेल्वेने जगवलं, मग एका सिनेटरने आणि शेवटी भोवतीच्या मोकळ्या रानाने. हा क्रम डोक्यात ठेवून फिरलं, तर विटांच्या घरांपासून जमिनीखालच्या क्षेपणास्त्रांपर्यंत सगळं एका धाग्यात येतं. डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सहल सहज जमण्यासारखी आहे. भारतातून येणाऱ्यांनी डेन्व्हरला उतरून गाडी भाड्याने घ्यावी.

कधी जावं? जून ते सप्टेंबर. जुलैच्या अखेरच्या दहा दिवसांत शायेनला फ्रंटियर डेज हा मोठा मेळा भरतो. त्याच सुमारास तळ लोकांसाठी उघडण्याची जुनी प्रथा आहे, त्या दिवसांना फोर्ट डी. ए. रसेल डेज म्हणतात. तारखा आणि नोंदणीचे नियम दरवर्षी बदलतात, ते तळाच्या संकेतस्थळावर आधी पाहावेत. मेळ्यात हॉटेलांचे दर चढतात आणि खोल्या काही महिने आधीच संपतात. ज्यांना खोली मिळत नाही ते फोर्ट कॉलिन्सला राहतात, तिथून शायेन पाऊण तासावर आहे.

दिवस पहिला: डेन्व्हर ते शायेन

अंतर १६० किमी, रस्ता आय-२५, वेळ दोन तास. फोर्ट कॉलिन्सपर्यंत गर्दी असते, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा दहानंतर निघावं. शायेन समुद्रसपाटीपासून १,८४८ मीटरवर आहे. पहिल्या दिवशी डोकं जड झालं तर कारण उंची आणि कोरडी हवा हे असतं. पाणी जास्त प्यावं आणि जिने चढण्याची घाई करू नये. उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात आणि गारा पडतात. या भागातल्या गारा गाडीच्या काचा फोडतात, तेव्हा छताखाली जागा असलेलं हॉटेल मिळालं तर बरं.

आधी युनियन पॅसिफिकचं जुनं रेल्वे स्थानक पाहावं. १८८० च्या दशकातली दगडी इमारत, आत संग्रहालय. तळ पाहण्याआधी इथे यायचं कारण असं की किल्ल्याची जागा रेल्वेने ठरवली. पूर्वेकडून येणाऱ्या लोहमार्गाला रॉकी पर्वताची पहिली रांग, म्हणजे लॅरमी रेंज, ओलांडायची होती. शायेनच्या पश्चिमेला गवताळ उतार हळूहळू चढत थेट डोंगरमाथ्याला भिडतो, मधे कडा लागत नाही. साधारण ५० किमीत साडेसहाशे मीटर चढ, तोही सलग. असा चढ सुरू होण्याआधी जादा इंजिनं, कोळसा, पाणी आणि दुरुस्तीची शेड लागतात. रेल्वेचे मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉज यांनी जुलै १८६७ मध्ये क्रो क्रीकवर ही जागा निवडली, आणि लष्कराच्या जनरल ऑगर यांनी तिच्या जवळच ठाणं ठरवलं. रूळ मात्र १३ नोव्हेंबर १८६७ ला पोचले. म्हणजे ठाणं आधी आणि आगगाडी नंतर.

किल्ल्याला नाव दिलं ते डेव्हिड रसेल यांचं. यादवी युद्धात १९ सप्टेंबर १८६४ रोजी व्हर्जिनियातल्या ऑपेक्वॉनच्या लढाईत ते मारले गेले. वायोमिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या काळी नव्या ठाण्यांना युद्धात पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं देण्याची रीतच होती.

गाव आणि किल्ला यांच्या मधोमध कॅम्प कार्लिन हे रसदीचं कोठार होतं. आता तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, पण नकाशावर ती जागा ओळखून ठेवावी. रेल्वेचा फाटा थेट कोठारात जात असे. डब्यांतून उतरलेलं धान्य, दारूगोळा, कपडे, खोगिरं खेचरांवर आणि गाड्यांवर लादून उत्तरेकडच्या डझनभर ठाण्यांना जात. रसेलची खरी ताकद या कोठारात होती, असं आमचं ठाम मत आहे. बंदुका सगळ्याच ठाण्यांवर होत्या. रूळ आणि कोठार शेजारी शेजारी असलेली ठाणी थोडी.

याचा पुरावा १८७९ चा. कोलोरॅडोतल्या मिल्क क्रीकवर यूट या मूळ रहिवासी लोकांनी लष्कराची एक तुकडी अडवून धरली होती. आपली कुरणं नांगरली जात आहेत आणि वर सैन्य येत आहे, हे पाहून यूट उठले होते. कर्नल वेस्ली मेरिट रसेलहून निघाले, घोडे आणि माणसं आगगाडीत चढवून रॉलिन्सला उतरले आणि तिथून सुमारे २७० किमीची मजल तीन दिवसांत मारली. शायेनपासून घोड्यावरच निघाले असते तर आणखी कितीतरी दिवस गेले असते. पुढच्या दोन वर्षांत यूटांना कोलोरॅडोतल्या त्यांच्या बहुतेक भूमीतून हुसकावण्यात आलं. रेल्वेने आणलेल्या वेगाची किंमत त्यांनी मोजली, हे स्थानकातली चित्रं पाहताना विसरू नये.

दिवस दुसरा: विटांचा किल्ला

आय-२५ वरून ११ क्रमांकाच्या फाट्याने रँडल ॲव्हेन्यूला उतरलं की थेट मुख्य दरवाजा लागतो. दरवाजाबाहेर तीन क्षेपणास्त्रं उभी आहेत: मिनिटमन-१, मिनिटमन-३ आणि पीसकीपर. आत जाण्याची परवानगी नसली तरी एवढं पाहता येतं. दरवाजा, पहारेकरी आणि त्यांची वाहनं यांचे फोटो काढू नयेत.

आत जाण्यासाठी लष्करी ओळखपत्र, तळावरच्या कुणाची तरी हमी किंवा खुल्या दिवसाची आगाऊ नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी नोंदणीच्या वेळीच स्पष्ट विचारून घ्यावं. तपासणीला वेळ लागतो, आणि दरवाजावर येऊन विचारलं तर बहुधा परत फिरावं लागतं. ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांनी आजचा दिवस गावातल्या राज्य संग्रहालयाला आणि दुपारच्या डोंगराला द्यावा. मुख्य आकर्षण उद्या आहे आणि ते सगळ्यांना खुलं आहे.

किल्ला म्हणून तट, बुरूज, खंदक शोधू नयेत. तटबंदी इथे कधीच नव्हती. मधे कवायतीचं मैदान आणि त्याच्या भोवती घरं. हे मैदान चौकोनी न आखता शंकरपाळीच्या आकाराचं आखलं, आणि आजही ते तसंच आहे. त्याच्या कडेने चालत एक फेरी मारावी, आकार पायांना कळतो. पहिल्या इमारती लाकडी होत्या आणि इथल्या वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागणं कठीणच होतं. १८८५ साली लष्कराने रसेलला कायमचं ठाणं ठरवलं आणि लाकडी घरांच्या जागी २७ विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच साली २ सप्टेंबरला वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज गावी गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी कामगारांची हत्या केली होती. त्या वेळी वायोमिंग प्रदेशाचे गव्हर्नर होते फ्रान्सिस वॉरन, आणि केंद्राकडे सैन्य मागणारेही तेच.

वॉरन यांच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, १८६३ च्या पोर्ट हडसनच्या वेढ्यातल्या कामगिरीबद्दल मेडल ऑफ ऑनर, पुढे शायेनमध्ये व्यापार आणि मेंढ्या. वायोमिंग राज्य झाल्यावरचे पहिले निवडून आलेले गव्हर्नर आणि मग एकूण ३७ वर्षं सिनेटर. सिनेटच्या लष्करी समितीचं आणि नंतर खर्च मंजूर करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या ठाण्याचा जो प्रचंड विस्तार झाला, त्याचं उत्तर इथे आहे. १८८५ ते १९३० या काळात विटांच्या दोनशेहून अधिक इमारती झाल्या. लाल विटांच्या लांबलचक पागा पाहाव्यात, घोडदळाच्या आणि तोफखान्याच्या. घोडे गेले तरी बांधकाम मजबूत म्हणून त्यांत कचेऱ्या आणि गोदामं थाटली गेली. पागेची इमारत ओळखायची खूण म्हणजे लांबी आणि टोकाला असलेलं रुंद दार.

वॉरन यांचे जावई जॉन पर्शिंग. १९०५ साली त्यांचं हेलन वॉरन यांच्याशी लग्न झालं. २७ ऑगस्ट १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडियो छावणीत घराला लागलेल्या आगीत हेलन आणि तीन मुली गेल्या, एकटा मुलगा वाचला. पहिल्या महायुद्धात युरोपातल्या अमेरिकन सैन्याचं नेतृत्व पुढे याच पर्शिंगांनी केलं. वॉरन नोव्हेंबर १९२९ मध्ये वारले आणि १ जानेवारी १९३० पासून किल्ल्याला त्यांचं नाव मिळालं.

नववं आणि दहावं घोडदळ, चोविसावं पायदळ या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही इथे राहून गेल्या. नवव्या घोडदळातले बेंजामिन डेव्हिस १९४० मध्ये अमेरिकन सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. तळावर फिरताना सिनेटरचं नाव जागोजागी दिसतं. या पलटणींची नावं मात्र विचारून शोधावी लागतात.

दुसऱ्या महायुद्धात इथे रसद विभागाच्या रंगरुटांचं मोठं शिक्षण केंद्र झालं. वीस हजारांपर्यंत माणसं एका वेळी. त्यांच्यासाठी घाईघाईने २८० हून अधिक लाकडी इमारती ठोकल्या, पण भिंतींना आतून अस्तर नाही, थंडी अडवणारा थर नाही. हिवाळ्यात फटींतून भुरभुरणारा बर्फ सकाळी कांबळ्यावरून झटकून उठावं लागे. शेजारीच युद्धकैद्यांची छावणी होती. लाकडी इमारती जवळपास सगळ्या गेल्या, विटांच्या राहिल्या. १९७५ मध्ये या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

१९४७ मध्ये ठाणं हवाई दलाकडे आलं आणि ७ ऑक्टोबर १९४९ ला त्याचं नाव रीतसर बदललं. सुरुवातीला इथे चालल्या त्या तांत्रिक शाळा. विमानांचा तळ करायचा तर धावपट्टी हवी होती, ती झाली नाही. मग १ फेब्रुवारी १९५८ ला तळ स्ट्रॅटेजिक एअर कमांडकडे, म्हणजे हवाई दलाच्या अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या विभागाकडे गेला आणि क्षेपणास्त्रांचं पर्व सुरू झालं. क्षेपणास्त्राला धावपट्टी लागत नाही. त्याला लागते विरळ वस्तीची जमीन, रेल्वे, पक्के रस्ते आणि तयार छावणी. हे सगळं इथे होतंच.

तळावरचं संग्रहालय जुन्या विटांच्या इमारतींत आहे. खुल्या दिवशी तिथे आधी जावं, दुपारी गर्दी होते. आवारात प्राँगहॉर्न, म्हणजे इथली हरणासारखी जनावरं, बिनधास्त चरत असतात. गाडी सावकाश चालवावी, जवळ जाऊन खायला घालू नये. ओढ्याकाठच्या ओलसर पट्ट्यात कोलोरॅडो बटरफ्लाय प्लँट ही दुर्मिळ वनस्पती उगवते, तिकडे पाय टाकू नये.

दुपारी हॅपी जॅक रस्त्याने पश्चिमेला पोल माउंटनकडे. हे किल्ल्याचं सरपणाचं रान, पुढे तोफांच्या सरावाचं मैदान. आता राष्ट्रीय वनाचा भाग आहे आणि वेदावू नावाचे गोल ग्रॅनाइटचे सुळके तिथेच आहेत. सरावातले न फुटलेले तोफगोळे या रानात सापडलेले आहेत. साफसफाई झाली असली तरी जमिनीत रुतलेलं गंजकं लोखंड दिसलं तर हात लावू नये, जागा लक्षात ठेवून कळवावं.

दिवस तिसरा: जमिनीखाली

दरवाजाबाहेरच्या तीन क्षेपणास्त्रांत ॲटलस नाही, पण सुरुवात त्याचीच. १९६० मध्ये वॉरनची ५६४ वी स्क्वाड्रन ॲटलस-डी घेऊन सज्ज झाली. हे सुमारे २५ मीटर लांबीचं क्षेपणास्त्र जमिनीवरच्या काँक्रीटच्या इमारतीत आडवं ठेवत. आदेश आला की छत सरकवायचं, क्षेपणास्त्र उभं करायचं, त्यात शुद्ध केलेलं रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन भरायचं आणि मग उडवायचं. सगळ्याला पंधरा मिनिटांच्या आसपास. अडचणी तीन होत्या. टाकीचा स्टीलचा पत्रा इतका पातळ की आतला दाब गेला तर ती स्वतःच्या वजनाने चिरडली जाई, म्हणून उडवायचं नसतानाही ती दाबाखाली ठेवावी लागे. डी प्रकाराला उड्डाणानंतर जमिनीवरून रेडिओने दिशा द्यावी लागे, त्यामुळे एका केंद्रावरून लागोपाठ पण एकेकच सोडता येई. आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या नळ्यांत तेलाचा अंश राहिला तर स्फोट ठरलेला, म्हणून त्या ट्रायक्लोरोएथिलीन या तेल विरघळवणाऱ्या रसायनाने धुवत. तो द्रव जमिनीत मुरला. ॲटलस १९६५ मध्ये निघून गेलं, पण शायेनच्या पश्चिमेकडच्या भूजलातलं प्रदूषण शोधण्याचं आणि आवरण्याचं काम आमच्या पिढीपर्यंत आलं.

त्यानंतरचा मिनिटमन घन इंधनाचा. भरण्याची भानगड नाही, उभाच सायलोत (जमिनीत खोदलेल्या काँक्रीटच्या विहिरीत), मिनिटाभरात सुटणारा. १९६३ ते १९६५ दरम्यान वॉरनभोवती २०० सायलो आणि २० नियंत्रण केंद्रं बांधली गेली, वायोमिंग, नेब्रास्का, कोलोरॅडो या तीन राज्यांत पसरून. सायलो एकमेकांपासून काही किलोमीटर दूर, म्हणजे एका स्फोटात दोन जाऊ नयेत. नियंत्रण केंद्र आणि सायलो जोडणाऱ्या केबली आतून हवेच्या दाबाखाली असतात. नांगराने किंवा जेसीबीने एखादी फुटली की दाब पडतो आणि कळतं.

आज पाहायचं ते क्यूबेक-०१. शायेनच्या उत्तरेला सुमारे ४० किमी, आय-२५ च्या जवळ. केंद्रांना ए पासून टी पर्यंत अक्षरं दिली होती, क्यू म्हणजे क्यूबेक. ०१ म्हणजे नियंत्रण केंद्र, ०२ ते ११ त्याचे दहा सायलो. पी ते टी या पाच तुकड्यांचे ५० सायलो १९८६ पासून दहा वॉरहेडच्या (अण्वस्त्रांच्या टोकांच्या) पीसकीपरसाठी बदलले, आणि १९ सप्टेंबर २००५ ला शेवटचं पीसकीपर निवृत्त झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये वायोमिंग राज्याने क्यूबेक-०१ लोकांसाठी उघडलं. फेरी मार्गदर्शकासोबतच होते. लिफ्ट लहान, म्हणून एका वेळी थोडीच माणसं. आधी फोन करून वेळ घ्यावी. मोठ्या पिशव्या गाडीत ठेवाव्यात; ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी वरचा मजला पाहून थांबावं.

वर एक साधं बसकं घर: स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, पहाऱ्याची खोली. सायलोंवर धावून जाणारे सुरक्षारक्षक इथे राहत. लिफ्टने साधारण १८ मीटर खाली उतरल्यावर आठ टनांचं पोलादी दार. त्यापलीकडे सव्वा मीटर जाडीच्या काँक्रीटचं कवच, आणि कवचाच्या आत चार शॉक आयसोलेटरना, म्हणजे धक्का शोषणाऱ्या आधारांना, टांगलेली खोली. खोली कवचाला घट्ट जोडलेली नाही. धक्का बसला की कवच हलतं, खोली झुलते. खोलीच्या कडेशी असलेली फट वाकून पाहावी, म्हणजे ही रचना कळते. खुर्च्या रुळांवर बसवलेल्या आणि पट्ट्यांच्या आहेत.

दोन अधिकारी, २४ तासांची पाळी. लाल तिजोरीला दोन कुलपं, प्रत्येकाचं स्वतःचं. दोन किल्ल्यांची भोकं एका माणसाचे हात पोचणार नाहीत इतकी लांब, आणि किल्ल्या एकाच वेळी फिरवायच्या. एवढं करूनही एकट्या केंद्राच्या सांगण्यावरून तात्काळ काही सुटत नाही. दुसऱ्या केंद्रातल्या जोडीनेही तसंच करावं लागतं. शिवाय एक सुटकेची नळी: वाळूने भरलेली, वर जमिनीच्या काही फूट खाली संपणारी. वरचं सगळं उद्ध्वस्त झालं तर खालची झडप उघडून वाळू आत सांडू द्यायची, रांगत वर जायचं आणि उरलेली माती फावड्याने खणायची. ती झडप पाहताना मार्गदर्शकाला घाई करू देऊ नये. या सगळ्या यंत्रणेत माणूस वाचावा म्हणून केलेली ती एवढीच सोय.

बाकी १५० सायलोंत मिनिटमन-३ आजही सज्ज आहेत. रस्त्याच्या कडेला कुंपण, आत काँक्रीटचं झाकण, एखादा खांब, असं दिसलं की तो सायलो. रस्त्यावरून पाहायला हरकत नाही. गाडी लावून कुंपणापाशी जाऊ नये, ड्रोन तर काढूच नये; पाटीवर प्राणघातक बळाचा इशारा असतो. या क्षेपणास्त्रांच्या जागी सेंटिनेल ही नवी यंत्रणा यायची आहे आणि पहिला क्रमांक वॉरनचा आहे.

दिवस चौथा: फोर्ट लॅरमी

शायेनहून सुमारे १८० किमी, दोन तास. प्रवेश विनामूल्य. रसेल का टिकला हे समजायला न टिकलेला किल्ला पाहायला हवा. फोर्ट लॅरमी १८३४ चं व्यापारी ठाणं, लष्कराने १८४९ मध्ये विकत घेतलं. ओरेगॉनकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर, १८६८ चा सू या मूळ रहिवासी लोकांशी झालेला तहही इथलाच. कीर्ती रसेलपेक्षा कितीतरी मोठी. पण लोहमार्ग दक्षिणेने गेला, आणि रसद कॅम्प कार्लिनहून खेचरांच्या गाड्यांनी आणावी लागे. १८९० मध्ये लष्कराने गाशा गुंडाळला आणि इमारतींचा लिलाव झाला. लाकूडफाटा, दारं, खिडक्या लोकांनी उचकटून नेल्या. रुग्णालयाच्या चुन्याच्या काँक्रीटच्या भिंती उघड्या उभ्या आहेत: छप्पर गेल्यावर पाणी मुरतं, गोठतं, फुगतं आणि चुना सुटतो. १८४९ चं ओल्ड बेडलम मात्र दुरुस्त होऊन उभं आहे, ते आधी पाहावं. १९३८ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं.

बाहेर पडताना नॉर्थ प्लॅटवरचा १८७५ चा लोखंडी पूल चुकवू नये. शायेनहून ब्लॅक हिल्सकडे जाणारी वाहतूक यावरून जाई. ज्या तहाने त्या टेकड्या सू लोकांच्या ठरल्या होत्या, तो सह्या होऊन सात वर्षं झाली होती.

परतीला टॉरिंग्टनहून यूएस-८५ धरावा, शायेन १३५ किमी. वाटेत पेट्रोल पंप कमी आणि फोनला रेंज तुटक, म्हणून टाकी टॉरिंग्टनलाच भरावी. पाचच्या आत निघालेलं बरं. सूर्य कलला की हरणं आणि प्राँगहॉर्न रस्त्यावर उतरतात.